कपाळावर दिवा असलेला मासा

पोशेऱ्याचा रावजी जव्हारच्या बाजारात यायचा तो काखेत समुद्र घेऊन! माझ्या मिठाच्या दुकानासमोर बसून फडकं सोडायचा आणि आतून काचेची बरणी काढायचा. बरणीत मुठीएवढा काळाकुट्ट मासा. अंगावर एक खवला नाही, दात काचेच्या सुयांसारखे, आणि तोंड एवढं मोठं की बाकीचा मासा मागाहून चिकटवला असावा. कपाळातून एक काडी निघालेली, तिच्या टोकाला मणी.

"हा त्याचा दिवा," रावजी सांगायचा. "तिथं खाली सूर्य पोचत नाय, शेठ. ज्याचा त्यानं उजेड न्यायचा."

"एखादा इथल्या सरकारी कचेरीत सोड की!" मी म्हणायचो. तो हसायचा, पण अर्धाच.

तरुणपणी तो आणि धाकटा भाऊ देवजी समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. वादळात देवजी पाण्यात गेला; सापडलाच नाही. पुढे त्याच भागात तळातून तार ओढताना हा मासा वर आला. बोटीवरच्या डॉक्टरचे पाय धरून रावजीनं तो मागून घेतला, आईसाठी.

"देवजी अंधारात नाय, आयं. तिथं दिवे हायेत."

म्हातारीनं ते असं काही धरलं, की देवजीचे दिवस घालूच देईना. दिवा आहे तोवर पोरगा आहे!

मासा टिकावा म्हणून डॉक्टरनं बरणीत भरलेला अर्क उडत चालला, तसा रावजी त्यात पहिल्या धारेची मोहाची ओतू लागला. "माझ्याहून हाच जास्ती पितो," म्हणायचा. घात झाला तो इथंच. भर बाजारात अबकारीच्या शिपायानं बूच काढून वास घेतला.

"चोरटी दारू!"

"मला न्या, दादा. पन ती सांडू नका."

शिपायानं दोन्ही केलं.

कोरडी बरणी गाववाल्यांनी म्हातारीकडे पोचवली. रावजी सुटला, तो थेट माझ्या दुकानी. "मीठ दे, शेठ. हाय तेवढं दे." गोणी पाठीवर टाकून पळाला.

पुढच्या बाजाराला तो आला, तेव्हा डोक्याचं मुंडण केलेलं होतं. गोणी तशीच, तोंडसुद्धा सोडलेलं नाही.

"अरे, मासा?"

"दिवा गळून पडला व्हता. मी गोणी सोडाया गेलो, तं आयंनं हात धरला." तो गोणीकडे बघत राहिला. "म्हनली, एवढी वरसं पोरगा मिठातच हाय माझा. आता तरी त्याला मातीत घाल."