जिन्यावरचा उमेदवार

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आमच्या नागपूरच्या कचेरीसमोर तो स्टोव्ह दुरुस्त करत बसतो. पोलिओने दोन्ही पाय गेलेले, म्हणून हातांत चपला घालून सरपटत चालतो. माणसाची विचारपूस तो पायांपासून सुरू करतो. "बाबूजी, टाच लय घासली तुमची. सायेब पळवून राहिला का?" असं म्हणून आधी स्वतःच हसतो.

सरकारने अपंगांसाठी जागा राखल्या, तेव्हा आमच्याकडे टेलिफोनवर माणूस हवा होता. अर्ज कर, असं मीच त्याला सांगितलं. मुलाखत मात्र दुसऱ्या मजल्यावर ठेवली. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही, मलाही नाही.

त्याचं नाव पुकारायला मी बाहेर आलो. तो जिन्याच्या वळणावर होता, नवा पांढरा सदरा धुळीने माखलेला. आता हा असाच सरपटत साहेबांसमोर जाणार आणि माझ्याशी ओळख दाखवणार, याची मला लाज वाटली. मी आत जाऊन म्हणालो, "गैरहजर."

तो वर पोचला तेव्हा साहेब जेवायला उठले होते.

"मले उशीर झाला का, बाबूजी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"जिनाच लंबा हाय तुमचा," तो म्हणाला, आणि मलाच धीर दिल्यासारखा हसला.

त्यानंतरही आमचा स्टोव्ह त्याच्याकडेच जातो. तो वेळेवर आला होता, हे त्याच्या तोंडावर सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.