हसीनाखालांचं अर्धं मिनिट

मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळचं कोवळं ऊन उतरतं तेव्हा डिझेल, बर्फ आणि ओली जाळी यांचा मिळून एक वास दरवळत असतो, आणि माझ्या आजवरच्या साऱ्या कामाला तो चिकटून राहिला आहे. वर्तमानपत्रात होते तेव्हा या बंदराच्या चार ओळी व्हायच्या. पुढे एका संकेतस्थळासाठी त्याच ओळींच्या मोबाइलवरच्या चित्रफिती झाल्या. आणि अखेर त्या घाईला विटून मी स्वतःचा कॅमेरा घेऊन माहितीपटाच्या नादी लागले. पोट कशावर भरणार, हा आईचा प्रश्न तेवढा पहिल्यापासून तसाच आहे.

पहिला माहितीपट आखातात गेलेल्या मुलांच्या आयांवर होता. माझ्या वर्गमित्राच्या, सलीमच्या आईनं, हसीनाखालांनी, ओसरीवर बसून सांगितलं की त्याला जायचंच नव्हतं, पाय धरून रडला होता, त्यांनीच त्याला धाडलं. मुलाखत संपली की मी कॅमेरा चालूच ठेवून अर्धं मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करते; संकलनात शब्दांचे सांधे बुजवायला ती लागते. तेवढा वेळ खाला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत समुद्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या,

"ता काडून टाक, बाये. त्यानं आयकलान् तर तिकडं त्याचा जीव रमायचा नाय."

पैसे घालायला तयार झालेल्या मुंबईच्या एका निर्मात्याला नेमकं तेच बोलणं हवं होतं. ते नसेल तर माहितीपटच नको, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. हातातोंडाशी आलेला घास होता, मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण खालांच्या हातची सांदणं खाऊन मी वाढले होते. ते बोलणं काढलं आणि त्या जागी ती शांतता अख्खी ठेवली: ओढणी, लाटांची गाज, दूर कुठे बर्फ फोडल्याचा आवाज. निर्माता गेला. मांडवीतल्या एका लहानशा सभागृहात माहितीपट दाखवला आणि मग इंटरनेटवर टाकून दिला.

पावसाळा सरताना खाला बाजारात भेटल्या.

"सलीमनं बगितलान्. फोन करून विचारलान्, अम्मी, तू गप का झालीस?"

"मग?"

"मग सांगितला त्याला. सगळा."

तो काय म्हणाला, हे मी विचारलं नाही. खाला मासळीची पिशवी या हातातून त्या हातात घेत नुसत्या हसल्या. कॅमेरा माझ्या खांद्यालाच होता. तो तसाच राहू दिला आणि त्यांच्यासोबत घराकडे चालू लागले.