काळ्या चष्म्याचा म्यानेजर

त्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पडद्यावर. गावाबाहेरच्या रानात तंबूतला सिनेमा आला होता, आणि त्यात काळा चष्मा घातलेला एक इसम नायकाच्या बहिणीला फरफटत नेत होता. त्याचं काम तेवढंच. पुढे नायकाने त्याला गोठ्यातल्या खुंट्याला बांधून हाणला आणि आम्ही बायका पोटभर हसलो. दुसऱ्यांदा पाहिलं ते आमच्याच ओट्यावर. तोच चष्मा, तोच काळा कोट, आणि सासूबाईंनी दिलेला चहा बशीत ओतून भुरके मारत बसलेला. मी पाण्याची घागर घेऊन आले ती दारातच थबकले.

"या वयनी, या," तो मलाच म्हणाला. जणू घर त्याचं आणि पाहुणी मी.

माझं माहेर राजूरकडचं. बाजारात एखादा परका व्यापारी फार गोड बोलायला लागला, की आई माझा हात धरून पुढच्या पालावर न्यायची. फुकट हसणाऱ्याचं माप खोटं, असं तिचं म्हणणं. तिच्या शिकवणीने मी ताकच काय, पाणीही फुंकून पिणारी झाले. सासरी माझी थट्टा व्हायची, की हिला देवाने प्रसाद दिला तरी ही आधी मांजराला घालून बघेल. बघीन की. मांजर काय वाईट आहे?

हा माणूस आला होता माझ्या नवऱ्यासाठी. आमचे हे तालमीतले पैलवान. लहानपणापासून वस्तादांच्या हाताखाली लाल मातीत वाढलेले. घर ही त्यांची जेवायची जागा, राहायची जागा तालीम. अंगाने देखणे, चेहरा भोळा, आणि नेमकं हेच त्या म्यानेजरला हवं होतं. त्याची फ्री-स्टाईल कुस्त्यांची कंपनी होती. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची ती वर्षं. नगरला, श्रीरामपूरला, कोपरगावला, साखर कारखाना असेल त्या गावी तो फळ्यांचा कट्टा उभारायचा, चहूबाजूंनी दोर बांधायचा आणि तिकीट लावायचा. पैलवान दोरांच्या आत लढायचे आणि हा बाहेर उभा राहून बदमाशी करायचा. सिनेमातली ती एवढीशी भूमिका त्याने कोटासकट उचलून कट्ट्यावर आणली होती, आणि तिच्यावर त्याचं सगळं दुकान चाललं होतं.

मी एकदा नगरला जाऊन तो तमाशा पाहिला. आमचे हे सरळ मार्गाने लढणारे सज्जन पैलवान. जिंकायला आले, की म्यानेजर दोरातून हात घालून त्यांच्या डोळ्यांत तिखट फेकणार. मग हे आंधळ्यासारखे चाचपडणार, समोरचा गडी त्यांच्या पाठीवर दोन थापा मारणार आणि हे धाडकन उताणे. म्यानेजर खदाखदा हसणार. लोक चवताळून उठायचे. माझ्या शेजारच्या म्हातारीने चप्पल काढून भिरकावली, ती त्याच्या खांद्याला लागली, आणि तो तिला वाकून नमस्कार करत आणखी हसला.

खेळ संपल्यावर मी कनातीमागे गेले. हा माणूस आमच्या ह्यांचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होता, अगदी हलक्या हाताने, लहान मुलाचं पुसावं तसं. ते तिखट नव्हतंच. तांदळाच्या पिठात कुंकू कालवलेलं होतं. दुसरी एखादी बाई विरघळली असती. मी म्हटलं, जो हजार माणसांसमोर इतका हुबेहूब वाईट होऊ शकतो, तो माझ्या एकटीसमोर चांगला व्हायला कितीसा वेळ लागणार?

"त्या थापा कशाच्या?" मी विचारलं.

"त्यो इशारा, वयनी. थापा पडल्या की अंग सैल सोडून पडायचं. खाली फळ्या हायेत. ताठ पडला तर बरगडी जाती. म्हनून डोक्यानं इचार करायच्या आत अंगानं पडायला पायजे. पैलवानाला मी तेच शिकवलंय."

शिकवलं होतं खरंच. एकदा घरी ह्यांच्या पाठीला भाकरीचं पीठ लागलं होतं, ते मी हाताने दोनदा झाडलं, तर एवढा मोठा गडी ओसरीवर मटकन खाली आला. स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. आपल्या माणसाच्या अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी हुकूम राहतोय हे कळल्यावर कुठली बाई हसेल?

मी पाणवठ्यावर त्याच्याबद्दल बोलायला लागले. तो नगरजवळच्या सावेडीला खोली घेऊन राहत होता. तिकडे तेव्हा बंगले थोडे आणि बाभळी फार. बायको नाही, म्हातारी आई आहे, असं कळलं. मी म्हटलं, आईसुद्धा भाड्याने आणली असेल. हा एक दिवस ह्यांच्या खाण्यात काहीतरी घालील, हे तर मी येताजाता म्हणायचे. बायका हसायच्या, पण घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या. गावाला तसंही त्या कट्ट्यावरचं सगळं खरंच वाटत होतं. कंपनी त्याची, माणसं त्याची, आणि आमच्या गावचा गडी त्यात एकटा सापडलाय, अशी गावाची समजूत. तो आला की लोक दारं लावून घ्यायचे. एकाने तर त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं.

चैत्रात गावची जत्रा. देवाच्या नावाने कुस्त्यांचं मैदान भरतं, आणि त्या मैदानाचा एक नियम फार कडक. नुरा कुस्ती, म्हणजे आतून ठरवून खेळलेली कुस्ती, इथे जो खेळेल त्याला तालमीची पायरी पुन्हा चढता येत नाही. वस्ताद त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. त्या वर्षी शेवटची कुस्ती आमच्या ह्यांची आणि जामखेडकडच्या एका नावाजलेल्या मल्लाची लागली. हे हरखून गेले. फळ्यांवर पडून पडून कंटाळलेला माणूस. एकदा मातीत उतरून खरं जिंकायचं, म्हणजे गाव म्हणेल पैलवान अजून पैलवान आहे.

जत्रेच्या आठवडाभर आधी म्यानेजर घरी आला. हे तालमीत होते. तो ओट्याखालीच उभा राहिला, आणि त्या दिवशी चष्मा काढून हातात धरला होता.

"वयनी, त्यांना उतरू देऊ नका. अंग आता मातीचं राहिलं न्हाई."

"तुमची कंपनी बंद पडंल म्हनून का?"

"कंपनीचं काय न्हाई."

"मग काय ते सरळ बोला."

त्याने चष्मा घातला आणि निघाला. मी मनाशी ठरवलं, इथे पाणी मुरतंय. हा माणूस काहीतरी करणार. पैलवान हातचा जाऊ नये म्हणून त्याच्या पोटात काहीही घालायला कमी करणार नाही.

म्हणून त्या दिवसापासून ह्यांचा खुराक मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. सासूबाईंनासुद्धा चुलीजवळ येऊ देईना, त्या रुसल्या. मैदानाच्या सकाळी बदाम, खसखस, मिरे मी पाट्यावर वाटले, आमच्याच गाईचं दूध घातलं, थंडाई केली, तांब्यावर ताटली झाकली आणि ताटलीवर हात ठेवून बसले. म्यानेजर आला. सगळ्या आळीने त्याला येताना पाहिलं. मी त्याला ओट्याच्या वर पाऊल टाकू दिलं नाही. हे आंघोळ करून आले, मी माझ्या हाताने पेला भरला, माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी तो संपवला. म्यानेजर खालून बघत होता. "शाबास वयनी," एवढंच म्हणाला. मला ते शब्द टोचले.

बायका मैदानात जात नसत. शेजारच्या माळवदावरून आम्ही पाहत होतो. हलगी कडाडली, दोघांनी शड्डू ठोकले. आमचे हे असे लढत होते की वस्तादांनी उभं राहून फेटा सावरला. दोनदा त्यांनी त्या मल्लाला खाली घेतलं, दोनदा तो निसटला. दोघंही घामाने निथळत होते, हाताला अंग लागेना. अशा वेळी पैलवान मातीची मूठ घेऊन समोरच्याच्या अंगाला लावतात, पकड बसावी म्हणून. वर्षानुवर्षांची रीत, तीत कपट काही नाही. त्या मल्लाने वाकून माती उचलली, ह्यांच्या मानेवरून हात मागे टाकला आणि ती पाठीवर थापली. एकदा आणि पुन्हा एकदा.

हे पडले. धरलं नव्हतं, डाव नव्हता, काही नव्हतं. सैल होऊन, सांभाळून, फळ्यांवर पडावं तसे मऊ मातीत उताणे पडले. तो मल्लसुद्धा दचकून मागे सरला.

 मग कुणीतरी ओरडलं, "नुरा! पैलवान इकला गेला!" आणि मग सगळेच ओरडायला लागले. वस्तादांनी फेटा काढून मातीत टाकला. हे उठून बसले होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला माळवदावरून कळलं काय झालं ते. पण कळून काय उपयोग? कुणाला सांगणार की माझ्या नवऱ्याला दोन थापा मारल्या की तो पडतो? वस्तादांसमोर ते नुरापेक्षा बरं ठरलं असतं का?

तेवढ्यात कडेच्या एका बैलगाडीवर म्यानेजर चढला. सकाळपासून तो साध्या सदऱ्यात हिंडत होता. त्याने खिशातून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि कट्ट्यावरचं ते खदाखदा हसणं हसला. मैदान त्याच्याकडे वळलं.

"इकला न्हाई त्यो!" तो ओरडला. "त्याला कोन इकत घेतंय? मी पाजलं त्याला! सकाळच्या थंडाईत भांग कालवली! माझी कंपनी सोडून मातीत उतरतो व्हय? बघा आता कसा लोळतोय!"

पुढचं मी सांगत नाही. माणसं त्या गाडीवर अशी तुटून पडली की गाडीचं जू मोडलं. त्याचा हातही मोडला. नंतर त्याला चावडीत नेऊन बसवलं आणि वस्ताद स्वतः आमच्या दारात आले, कारण पेला भरला कुणी हे मलाच माहीत.

"सूनबाई, त्यो मानूस सकाळी आला हुता ना?"

"आला हुता. पन त्यानं हात लावला न्हाई. थंडाई मी केली, मी भरली. तांब्यावरचा हात मी काढला न्हाई."

मी शपथेवर सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी त्या माणसाची बाजू घेत होते. वस्ताद माझ्याकडे बघून हसले, प्रेमानेच.

"पोरी, तू साधी. असल्यांचं कपट तुला काय कळनार? आन दोन वर्सं तूच तर सांगत हुतीस ना, ह्यो एक दिवस काय तरी घालील म्हनून?"

ते खरंच होतं. गावाला मीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आता माझं कुणीच ऐकेना. वस्तादांनी फेटा पुन्हा बांधला आणि सगळ्यांसमोर ह्यांना उठवून छातीशी धरलं. तालीम ह्यांची राहिली. म्यानेजरला गाडीत घालून नगरच्या रस्त्याला सोडलं. नगर जिल्ह्यात त्याचा कट्टा पुन्हा लागला नाही. पुढे कधीतरी तंबूत एक सिनेमा आला, त्यात तो होता म्हणे, सावकाराचा माणूस. आमच्या गावच्या पोरांनी दगड मारून पडदा फाडला.

पण आमचे हे तालमीत गेले नाहीत. वस्ताद रोज निरोप धाडायचे आणि हे गोठ्यात बसून राहायचे. जेवण ताटात तसंच पडायचं. छाती बसली, गाल आत गेले. मी भीत होते की हा माणूस असाच बसल्या जागी संपणार.

एका दुपारी मी गाईला वैरण टाकत होते, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तू वस्तादांना असं का सांगितलंस, त्यानं हात लावला न्हाई म्हनून?"

मी वैरण पसरत राहिले.

"खरं सांग. त्यानं घातलं हुतं का न्हाई? का मी असाच पडलो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. त्यांना त्या म्यानेजरचा संशय नव्हता. त्यांना स्वतःचा संशय होता, आणि तो संशय त्यांना आतून खात होता. मला डोळ्यांसमोर तो मोडलेला हात दिसत होता. "शाबास वयनी" ऐकू येत होतं.

"घातलं असंल," मी म्हणाले. "मी पानी आनायला आत गेल्ते जरा."

"गेल्तीस?"

"व्हय. गेल्ते. वस्तादांना सांगायची लाज वाटली."

त्यांनी मोठा श्वास सोडला. किती तरी दिवसांचा कोंडलेला असावा. मग उठले, घरात येऊन खुंटीवरचा लंगोट काढून झटकला आणि तालमीकडे निघाले. ओट्यावरून उतरताना त्यांनी त्या माणसाला एक कचकचीत शिवी हासडली. मीही त्यांच्या मागोमाग दारात आले आणि तीच शिवी दिली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.