लाकूड ओलं आहे, मॅडम

डिसेंबरातला शनिवार. चुलीचा खर्च एक लाख दहा हजार दिरहम, म्हणजे आपले सव्वीस लाख रुपये. हजर: बावीस पाहुणे, साहेब, मॅडम, कागदांवर सह्या घ्यायला गेलेला मी, आणि आपा.

आपा श्रीवर्धनच्या. साहेबांच्या दुबईतल्या बंगल्यात त्या स्वयंपाक करत. मी साहेबांच्या जबल अलीच्या कंपनीत हिशेब बघे. कुठलंही काम उरकलं की ओढणीला हात पुसत त्या म्हणायच्या, "हुकूम मॅडमचा, हात माझा." आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

साहेबांनी दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात अठराव्या शतकातली हवेली घेतली होती. उन्हाळ्यात सगळे तिकडे, आपाही. तिथल्या स्वयंपाकघरात एक म्हातारी चाळीस वर्षं राबत होती. जुन्या मालकांनी तिला तिथेच राहू द्यायच्या अटीवर घर विकलेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी मिठावरून रोज भांडण व्हायचं आणि रोज मिटायचं.

मॅडमना तिथल्या दगडी चुलीची चौकट आवडली. "हेरिटेज आहे, दुबईत काय शोभेल!" माणसं ती उचकटायला आली तेव्हा म्हातारी दगडावर हात ठेवून बसून राहिली.

"आपा, तिला बाहेर न्या," मॅडम म्हणाल्या.

आपांनी नेलं. दंडाला धरून. चूल गेली तशी म्हातारी भाचीकडे राहायला गेली. हे आपांनी मला कोथिंबीर निवडताना सांगितलं. त्यानंतर "हुकूम मॅडमचा"वर मी हसलो नाही.

दुबईतल्याच अल क्वोजच्या कंत्राटदाराने चूल दिवाणखान्याच्या भिंतीला चिकटवली. धुराडं नाही, वर साहेबांची बेडरूम. आत विजेच्या मेणबत्त्या. तरी मॅडम सांगत, "पूर्ण वर्किंग आहे." कुणी पेटवा म्हणालं की आपांनी सांगायचं, "लाकूड ओलं आहे, मॅडम." दुबईत! पाहुणे गंभीरपणे मान डोलवत.

त्या शनिवारी एक पाहुणा हटून बसला. "यल्ला, चला, पेटवा ना!"

मॅडम नेहमीसारख्या वळल्या. "आपा, लावा बघू."

आपांनी मेणबत्त्या बाजूला काढल्या, शोभेची लाकडं रचली.

"आपा, लाकूड ओलं असेल ना?"

"नाही मॅडम. एकदम सुकं."

पाच मिनिटांत पांढरे पडदे करडे झाले. पाहुणे हिरवळीवर खोकत, मोबाईलवर व्हिडिओ काढत उभे. "हे काय केलंत तुम्ही?" मॅडम किंचाळल्या.

"हुकूम मॅडमचा," आपा म्हणाल्या आणि ओढणीला हात पुसला.

एका पाहुण्याने टाकलेला व्हिडिओ आपांनी म्हातारीला भाचीच्या फोनवर पाठवला. "तिला चुलीची आठवण येते हो भाऊ," मला म्हणाल्या. म्हातारी तो घेऊन गावच्या कचेरीत गेली. हवेली सरकारने संरक्षित केलेली. तिथला दगडसुद्धा विचारल्याशिवाय हलवता येत नाही. साहेबांना नोटीस आली: होती तशी बसवून द्या.

आता हिशेब माझ्या हातात होता. मी साहेबांना पटवलं की चूल जशी होती तशी बसली, हे त्या चुलीशी चाळीस वर्षं बसलेलं माणूसच सांगू शकतं. म्हातारीची सही नसेल तर काम पुरं धरायचं नाही. तिने दोनदा सही नाकारली. दोन्ही वेळा चौकट उतरवून पुन्हा बसवली. दोन्ही वेळा बिल मॅडमच्या हातात मी स्वतः नेऊन दिलं.

आपांना तोवर कामावरून काढलं होतं. म्हातारी चुलीपाशी परत राहायला आली, हे सांगायला मी श्रीवर्धनला फोन केला. त्यांनी विचारलं, "धूर वर जातो ना नीट?"

जातो, म्हटलं.

एकूण दिले: फ्रान्सच्या गवंड्याला आणि जहाजवाल्याला मिळून एक लाख नव्वद हजार दिरहम, साहेबांकडून. आपांना शेवटचा पगार, पूर्ण. पडद्यांचे म्हणून त्यातून कापायला सांगितलेले सहाशे दिरहम मी माझ्या खिशातून भरले. इतकी स्वस्त खरेदी मी दुबईत दुसरी केलेली नाही.