शैलाताईंचा अर्ज

आमच्या स्टँडवर एसटी गाड्यांची घोषणा करणाऱ्या शैलाताई परवा दुपारी मोबाईलवर अर्ज भरत होत्या. गाडीची चौकशी करायला गेलेला मी खिडकीशीच थांबलो.

"ऑनलाइन पदवी आहे, माध्यमांच्या अभ्यासाची," त्या लाजत म्हणाल्या. "तीन कोर्स पाहिले. हा एकच परवडतो, आणि नोकरीही सोडावी लागत नाही."

'अनुभव' या रकान्यात त्यांनी 'नाही' असं लिहिलं होतं.

"अहो ताई, वीस वर्षं अख्खा तालुका तुमच्या आवाजावर गाडीत चढतो!" मी म्हणालो.

मग 'नाही' पुसून त्यांनी सावकाश लिहिलं, 'निवेदिका, वीस वर्षं.'

रोज हातून होणाऱ्या कामाला आपण विद्या मानतच नाही. विद्या म्हणजे दुसऱ्यांकडे असते ती, असंच धरून चालतो. कधीतरी कुणीतरी एक रकाना पुढे करतं, तेव्हा कळतं की निम्मी वाट आपण आधीच चालून आलोय.

अर्ज पाठवून ताईंनी माईक जवळ ओढला. गाडीचं नाव घेण्याआधी त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "नमस्कार!" फलाटावरच्या चार-दोन माणसांनी चमकून भोंग्याकडे पाहिलं. एका आजोबांनी तर हात जोडले.