लांबलेली कुस्ती

गावच्या जत्रेतली शेवटची कुस्ती पाऊण तास चालली होती. दोन्ही पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून, डोक्याला डोकं लावून नुसते उभे होते. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, काहीतरी करा की!"

माझ्या शेजारी कान मोडलेले एक म्हातारे पैलवान बसले होते. ते म्हणाले, "पाव्हणं, डाव नका बघू, श्वास बघा. समोरच्याचा दम कधी तुटतोय, ते दोघंबी ऐकत्यात. ऐकायचं थांबलं की कुस्ती संपली."

मग मी श्वास बघू लागलो. मातीने माखलेल्या दोन पाठी बरोबरीने वरखाली होत होत्या. माझी बायको सुमन जाऊन दोन वर्षं झाली. मी जिना चढून आलो की नुसत्या धापेवरून ती ओळखायची, आज किती चाललो ते. आता मी दमलो तरी घरात ते कुणाला ऐकू जात नाही. कधीकधी मलाही कळत नाही.

पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. शिट्टी झाली तरी दोघांचे हात सुटेनात.

"एवढा वेळ धरल्यावर लगेच सुटत न्हाई," म्हातारे म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. त्यांचा हात जड होता, ऊबदार होता. ते गर्दीत दिसेनासे झाले तरी मी खांदा हलवला नाही.