सुपारीएवढा गूळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की वैद्यकशास्त्रातला एक थोर शोध आमच्या गोंदिया जिल्ह्यात लागला होता आणि करंट्या जगाने त्याची दखल घेतली नाही. शोध असा : माणसाच्या छातीत दगडाचं पीठ गेलं, तर वरून सुपारीएवढा गूळ खावा. पीठ गुळाला चिकटून पोटात उतरतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ खायला मोकळा. शोध लावला आमच्या शेठने. तो शोध रोज संध्याकाळी लोकांच्या तळहातावर ठेवायचा आमचा भेलीमामा.

तिरोडा रस्त्यावर आमची गिरणी होती, गारगोटी दळणारी. पांढरा दगड आत जायचा आणि मैद्यासारखी भुकटी पोत्यांतून बाहेर पडायची. मी ऑफिसात हजेरी लिहायचो, बंद काचेच्या आड. पाळी सुटली की मामा फाटकात उभा, एका हातात गुळाची भेली, दुसऱ्या हातात हातोडी. आतून माणसं यायची ती भुवयांपासून पायांपर्यंत पांढरी.

"या बाप्पा, या! पावडर लावून कोनाच्या लग्नाले चालले?" मामा ओरडायचा. सगळे हसायचे. सर्वात मोठ्याने मी. मला हसायला दम होता.

गूळ घेतल्याशिवाय मामा कोणाला सोडत नसे. कोणी नको म्हटलं की खेकसायचा, "काऊन नाई खात बे? छाती कोन धुवून देईल, शेठ?" आणि पहिला तुकडा मला. मी धुळीत नव्हतो, पण लिहिणाऱ्याचा मान!

पोती भरणारी कुसुम खोकायला लागली, तेव्हा मामाने तिला दोन तुकडे सुरू केले, मग तीन. शनिवारी गिरणीचा डॉक्टर यायचा. त्याच्या पेनातून एकच आजार उतरायचा : टीबी. कुसुमला टीबी, तिच्या शेजारणीला टीबी, दगड फोडणाऱ्याला टीबी. शेठ, मॅनेजर आणि काचेआडचा मी एवढ्यांना मात्र तो टीबी कधी शिवला नाही. मोठा अदबशीर जंतू असावा.

कुसुम गेली. घरात तिचा डबा निघाला, गुळाच्या तुकड्यांनी भरलेला. लहान लेकीसाठी साठवत होती. मामा संतापला. "भेली खाल्लीच नाई पोरीनं, म्हनून गेली!" हे तो गिरणीभर सांगत फिरला. कुसुमच्या आईच्या तोंडावरही बोलला.

मग दिवसभर चक्कीवर राबणाऱ्या मामालाही धाप लागली. त्याने तर सगळ्यांत जास्त गूळ खाल्लेला. मी त्याला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "टीबी नाही मामा. दगडाची धूळ आहे. फुप्फुसात जाऊन बसली. ती आता निघत नाही."

"आन् भेली?" मामाने विचारलं.

बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. परतताना गाडीत मामा गोंदियापर्यंत ते चित्र बोटाने गिरवत राहिला. स्टेशनात उतरल्यावर माझा दंड धरून म्हणाला, "बाबू, दोन वेगळ्या नळ्या आहेत गा. श्वासाची वेगळी, घासाची वेगळी. मले कोनी सांगतलंच नाई."

दुसऱ्या दिवशी तो कुसुमच्या आईच्या पाया पडला. मग दारोदार फिरून एक्स-रे गोळा केले, गिरणीच्याच रिकाम्या पोत्यात. चार पावलं चालायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. "मामा, घरी पडून राहा ना," मी म्हणायचो. "पडूनच राहायचं आहे गा. आधी कुसुमच्या कागदावरचा टीबी खोडतो." अर्ज मी लिहिला. तेवढीच माझी बहादुरी.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेला. जाण्याआधी कुसुमचा कागद त्याने हातात घेऊन पाहिला : मृत्यूचं कारण, गिरणीतली धूळ. त्याच्या स्वतःच्या कागदावरही तेच आहे. शेठवरची केस चालूच आहे, आणि शेठची छाती ठणठणीत आहे. लोक म्हणतात, कुसुमच्या कागदाचा निकाल नागपूरच्या रिपोर्टने फिरला. साफ खोटं! मी तिथे होतो.

मामाच्याच अर्जावर कामगार कार्यालयात सुनावणी होती. साहेबांनी विचारलं, "धुळीपासून बचावासाठी काय करता?" मॅनेजर ऐटीत म्हणाला, "सर, आम्ही रोज प्रत्येकाला गूळ देतो." आणि पुरावा म्हणून गूळवाटपाची वही पुढे सरकवली. माझ्या वळणदार अक्षरातली. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

मामा धापा टाकत उठला. खिशातून गुळाचा खडा काढून त्याने मॅनेजरपुढे धरला. "घ्या साहेब. आमच्यासंगं कधी खाल्ला नाई तुमी." मॅनेजरने हसत तोंडात टाकला.

"गिरला?"

"हां, निगल लिया."

"मग आता भेव नाई." मामाने पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली, पांढऱ्या भुकटीने फुगलेली. टेबलावर ठेवली, बरोबर पंख्याखाली, आणि सावकाश तिची गाठ सोडायला लागला.

मॅनेजरची खुर्ची मागे उलटली. नाकावर रुमाल दाबून तो दाराकडे पळाला आणि भर सुनावणीत, साहेबांसमोर, किंचाळला :

"अरे, बंद कर वो थैली! मारेगा क्या मेरे को?"